थाट कमी करा, बोलावणं वाढवा

"एकदा निवांत भेटूया" असं आपण सगळेच म्हणतो आणि मनापासून म्हणतो, त्यात खोटं काही नसतं. पण ते भेटणं काही होत नाही. का होत नाही विचारलं की वेळ नाही, ऑफिस, अंतर, मुलांच्या परीक्षा अशी कारणं येतात, तीही खरीच असतात, पण जरा खोदून विचारलं ना की खाली वेगळंच काहीतरी निघतं. घर आवरलेलं नाहीये. खुर्च्या पुरत नाहीत. त्यांनी मागच्या वेळी एवढं सगळं केलं होतं, आता आपण साधंसुधं कसं करायचं. एवढ्या लोकांचं करणार कोण. म्हणजे माणसं नको आहेत असं नाही, माणसं हवीच आहेत, पण माणसांना बोलवायची जी काही लेव्हल आपण मनात ठरवून ठेवलीये ती गाठता येत नाही म्हणून बोलावणंच पुढे पुढे ढकललं जातं, आणि मग वर्षातून कधीतरी एक मोठ्ठा कार्यक्रम होतो ज्यात सगळ्यांना एकदमच बोलावून टाकलं जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. पाहुणचाराचं स्टँडर्ड आपण सगळ्यांनी मिळून, जाणूनबुजून खाली आणलं पाहिजे आणि बोलावण्याचं प्रमाण वाढवलं पाहिजे. हे मी पैसे वाचवायचे म्हणून म्हणत नाहीये. ज्या कार्यक्रमाची आठवण लोक पुढे कित्येक वर्षं काढतात, तो ज्या गोष्टींमुळे लक्षात राहतो त्यांना पैसा फारसा लागतच नाही, आणि ज्यांना पैसा लागतो त्यातल्या बऱ्याचशा उलट माणसांच्या गप्पांच्या आड येतात, असं माझं ठाम मत आहे.

आता कुणी म्हणेल की हा ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न आहे, यात सार्वजनिक काय. मला तसं नाही वाटत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक नात्यांवर एक आयोग नेमला, त्याचा रिपोर्ट जून २०२५ मध्ये आला, आणि त्यात म्हटलंय की जगात दर ६ माणसांमागे १ माणूस एकटेपणाने त्रासलेला आहे आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांपेक्षा जास्त मृत्यूंचा संबंध एकटेपणाशी आहे. तासाला साधारण १०० मृत्यू. ब्रिटनने २०१८ मध्ये या एका विषयासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये. सरकारांना दखल घ्यावी लागावी इतकं हे वाढलंय. पण सरकार कितीही काही म्हणालं तरी कुणाच्या घरची बेल वाजवायला कुणीतरी माणूसच लागतो, आणि ती बेल वाजण्याआधी त्याला "ये" असं म्हणणारं कुणीतरी लागतं. आपण सगळे मिळून ते "ये" म्हणणंच इतकं महाग करून ठेवतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकेतल्या कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीचा माणूस साधारण मित्र व्हायला अंदाजे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र व्हायला ९० च्या आसपास आणि जवळचा मित्र व्हायला २०० पेक्षा जास्त. हे आकडे अर्थातच अंदाजे आहेत, माणसामाणसात फरक पडणारच. पण यावरून एक हिशेब लगेच मांडता येतो. समजा तुम्ही १०० माणसांना बोलावलंत आणि कार्यक्रम ४ तास चालला. ४ तास म्हणजे २४० मिनिटं, म्हणजे दर पाहुण्यामागे अडीच मिनिटंसुद्धा येत नाहीत, आणि त्यातली अर्धी "कसे आहात, प्रवास बरा झाला ना, जेवून जा हं" यात जातात. तेच ७ माणसं बोलावून ३ तास बसलात तर प्रत्येकाच्या वाट्याला तुम्ही खरे येता. असं महिन्यातून एकदा जरी जमलं तरी वर्षाला ३६ तास होतात. ५० च्या बरेच जवळ की. मोठ्या कार्यक्रमाने हे तास कधीच भरत नाहीत, तिथे खर्च प्रचंड होतो पण माणूस कुणाच्याच हाताला लागत नाही.

किती माणसं बोलवायची हा म्हणूनच प्लॅनिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, मेनूपेक्षा कितीतरी महत्त्वाचा, आणि गंमत म्हणजे यावरच सगळ्यात कमी विचार होतो. आपण आधी यादी करतो, मग यादीत कुणाचं नाव राहिलं का बघतो, मग त्याला बोलावलं तर याला वाईट वाटेल असं करत करत यादी फुगत जाते आणि शेवटी आकडा कळतो. खरं तर उलटं असायला हवं, आधी आकडा ठरायला हवा. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की आपोआप जमलेल्या गप्पांच्या घोळक्यात साधारण ४ माणसांपर्यंतच एकच विषय चालतो, पाचवा सहावा माणूस आला की घोळका हळूहळू फुटतो आणि दोन गप्पा सुरू होतात. कुठल्याही घरात नीट बघितलं तर हे डोळ्यांनी दिसतं. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९८ मध्येच लिहून ठेवलंय की जेवणाच्या टेबलाभोवती ३ पेक्षा कमी आणि ९ पेक्षा जास्त माणसं नसावीत. मला स्वतःला ६ ते ८ हा आकडा सगळ्यात चांगला वाटतो, कारण त्यात कधी सगळ्यांची मिळून एक गप्पा होते, कधी दोन घोळके पडतात, आणि एखाद्याला जरा शांत बसायचं असेल तर तेही खपून जातं.

आणि त्या ६-८ जणांत एखादा तरी असा असावा जो इतर कुणालाच ओळखत नाही. नवीन शहरात आलेला सहकारी, वरच्या मजल्यावरचे एकटे राहणारे काका, अशी माणसं. नेहमीचेच लोक नेहमीच्याच विषयांवर बोलतात, कुणीतरी नवीन आलं की जुन्या माणसांनासुद्धा आपली गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते आणि मग आपल्याच मित्राबद्दल आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी बाहेर येतं.

पण त्या नवीन माणसाला बोलावून मोकळं व्हायचं नाही. त्याची नीट ओळख करून देणं हे यजमानाचं काम आहे आणि ते काम बहुतेक वेळा होतच नाही. "हा अमुक, ही तमुक, बसा बोलत" एवढं म्हणून यजमान आत गायब. ते दोघं एकमेकांकडे बघून हसतात, ट्रॅफिकवर दोन वाक्यं होतात आणि मग दोघंही फोन काढतात. त्याऐवजी एकच वाक्य जास्तीचं बोललं तर काय होतं बघा. "ही बंद पडलेली जुनी घड्याळं दुरुस्त करते, आणि तुमच्याकडे आजोबांचं एक घड्याळ पडून आहे म्हणत होतात ना?" बस्स. आता त्यांना पुढचा अर्धा तास कुणाची गरज नाही. हे वाक्य आयत्या वेळी सुचत नाही, आदल्या दिवशी दहा मिनिटं बसून प्रत्येक पाहुण्याबद्दल विचार करावा लागतो की याचं कुणाशी काय जुळेल. फुगे लावण्यात जो वेळ जातो त्याच्या मानाने हा वेळ काहीच नाही. शिवाय माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त मनमोकळी असतात, २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांच्या गप्पांचा अभ्यास केला तेव्हा असं दिसलं की गप्पा संपल्यावर दोघांनाही वाटत असतं की समोरच्याला मी फारसा आवडलो नसेन, प्रत्यक्षात समोरच्याला तो त्यापेक्षा बराच जास्त आवडलेला असतो. फक्त ते पहिलं पाऊल कुणीतरी टाकून द्यावं लागतं.

बसायची व्यवस्था. हा विषय लोकांना अगदीच किरकोळ वाटतो. पाहुणे येणार म्हटलं की आपण काय करतो, मधलं टेबल उचलतो आणि सगळ्या खुर्च्या भिंतीला लावतो, मध्ये मोकळी जागा दिसली की खोली मोठी वाटते. १९५० च्या दशकात कॅनडातल्या एका हॉस्पिटलमध्ये म्हाताऱ्या बायकांच्या वॉर्डात नेमकी हीच परिस्थिती होती, वॉर्ड नवीन रंगवलेला, छान, स्वच्छ, आणि खुर्च्या भिंतीला ओळीने लावलेल्या, आणि त्या बायका दिवसभर गप्प बसून असायच्या. तिथे काम करणाऱ्या रॉबर्ट सोमर या मानसशास्त्रज्ञांनी खुर्च्या भिंतीपासून काढून छोट्या टेबलांभोवती मांडल्या. सुरुवातीला कुणालाच ते आवडलं नाही, पण काही आठवड्यांनी मोजलं तर बोलणं जवळपास दुप्पट झालं होतं. माणसं तीच, खोली तीच. तेव्हा पाहुणे यायच्या आधी खुर्च्या जवळ ओढा, एकमेकींना जरा तिरक्या, टेबलाच्या कोपऱ्याला कोपरा लागून बसता येईल अशा, आणि मध्ये काहीतरी ठेवायला छोटं टेबल राहू द्या. आणि मोजक्या माणसांना थोडी लहान जागा दिली तर जास्त मजा येते, मोठ्या हॉलमध्ये १५ माणसं विखुरली की कार्यक्रम सुरू झालाच नाही असं वाटत राहतं.

आता आवाज, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण याचा मला खरोखर राग येतो. कुठल्याही समारंभात जा, स्पीकर लावलेला असतो आणि तो इतका मोठा असतो की शेजारच्याशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागतं. लोम्बार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी १९११ मध्ये लिहिलं होतं की आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. तो चढवतो म्हणून बाजूचा चढवतो, बाजूचा चढवतो म्हणून पलीकडचा, मग कुणालातरी वाटतं की आता गाणी ऐकू येत नाहीयेत आणि तो व्हॉल्यूम अजून वाढवतो. तासाभरात सगळ्यांचे घसे बसलेले असतात आणि कुणी कुणाशी काहीच बोललेलं नसतं.

यात सगळ्यात जास्त कोण भरडलं जातं माहितीये? ज्यांना कमी ऐकू येतं ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात ४३ कोटींपेक्षा जास्त लोकांना श्रवणदोषासाठी उपचार किंवा मदतीची गरज आहे, म्हणजे कुठल्याही मोठ्या कार्यक्रमात अशी माणसं असणारच. घोळक्यातून एक आवाज वेगळा काढून ऐकणं ही चांगल्या कानाच्या माणसालासुद्धा मेहनत असते, कॉलिन चेरी यांनी १९५३ पासून यावर प्रयोग केले होते, आणि कानातल्या मशीननेही ती मेहनत फारशी कमी होत नाही कारण तिच्यात गोंगाटही मोठा होतो. पुढच्या वेळी कुठे गेलात तर शोधा, कोपऱ्यात एखादे आजोबा बसलेले असतात, कानात मशीन, कुणीतरी येऊन वाकून काहीतरी विचारतं, ते हसून मान हलवतात. प्रश्न होता "कधी आलात?" आणि उत्तर मान हलवून "हो". विचारणाऱ्याच्या लक्षात येतं, तो जरा ओशाळतो, पुन्हा मोठ्याने विचारावं की नको या विचारात तो खांद्यावर हात ठेवून निघून जातो. थोड्या वेळाने आजोबा मशीन काढून खिशात ठेवतात. ते त्या कार्यक्रमाला आले होते असं फोटोत दिसेल, पण त्यांच्याशी त्या दिवशी कुणीही बोललेलं नाही. हे बदलायला काय लागतं? स्पीकर बंद करायला शून्य खर्च येतो. गाणी हवीच असतील तर इतकी हळू लावा की दोन माणसं हातभर अंतरावर आवाज न चढवता बोलू शकतील. जमिनीवर जाजम, खिडकीला जाड पडदे असले तर खोलीतला घुमणारा आवाजही कमी होतो. आणि कमी ऐकू येणाऱ्याला भिंतीकडे पाठ करून, उजेडात, बोलणाऱ्यांची तोंडं दिसतील असं बसवा, ओठ दिसले की अर्धं काम होतं.

खाण्यापिण्याबद्दल फार लिहायची गरज नाही, त्यावर सगळेच लिहितात. माझं एवढंच मत की पदार्थांची संख्या हा पाहुणचाराचा मापदंड असू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या रिपोर्टनुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून, आणि "कमी पडायला नको" ही भीती यात किती असेल याची कल्पना कुणालाही करता येईल. एक-दोन गोष्टी करा, नीट करा, आदल्या दिवशी करून ठेवता येतील अशा करा. कुणाला कशाची ॲलर्जी आहे, कोण काय खात नाही हे बोलावतानाच विचारा, ताट समोर आल्यावर नाही. आणि शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर राहू देऊ नका, ही जागतिक आरोग्य संघटनेची साधी सूचना आहे आणि मोठ्या कार्यक्रमात तीच सर्रास मोडली जाते.

खरा मुद्दा हा आहे की ते सगळं करतं कोण.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये हिशेब काढला होता, जगातल्या घरकाम आणि देखभालीच्या बिनपगारी कामाच्या तासांपैकी ७६.२ टक्के बायका करतात. पाहुणचार हा या कामाचा सगळ्यात गोड दिसणारा भाग आहे म्हणून तो कामात धरलाच जात नाही. दृश्य ओळखीचं असेल: बाहेर सगळे बसलेत, कुणीतरी किस्सा सांगतंय, एकदम हशा होतो, आणि आतून ती ओले हात पुसत दारात येते, "काय झालं, काय झालं?" म्हणत. "अगं काही नाही, तू असायला हवं होतंस." ती हसते आणि परत आत जाते कारण गॅसवर काहीतरी आहे. तिच्या घरात, तिच्या मैत्रिणी आलेल्या असताना, ती नव्हती. पाहुणे गेल्यावर सगळे म्हणतात किती छान झालं आणि ती भांडी घासत असते. आणि मग पुढच्या वेळी "बोलवूया का कुणाला" असं नवरा म्हणाला की तिच्या पोटात गोळा येतो, आणि ती काहीतरी कारण सांगते, आणि बोलावणं पुढे ढकललं जातं. आपण ज्याला माणसांची आवड कमी झाली म्हणतो ना, त्यातलं बरंचसं हे आहे. ती आवड कमी झालेली नाही, एकाच माणसाच्या अंगावर ती लादली गेलीये.

म्हणून स्टँडर्ड खाली आणायचं म्हणजे नुसतं पदार्थ कमी करायचे एवढंच नाही, काम वाटून घ्यायचं. पाहुण्याने काहीतरी घेऊन यावं यात यजमानाचा कमीपणा नाही. पाहुण्याने उठून पाणी आणावं, ताटं उचलावीत, यात तर काहीच नाही, उलट ज्याला काहीतरी काम मिळतं तो लवकर रुळतो, विशेषतः जो कुणालाच ओळखत नाही त्याला हातात ट्रे द्या आणि बघा, पाच मिनिटांत तो सगळ्यांशी दोन शब्द बोलून आलेला असतो. आणि घरातल्या पुरुषांनी "मदत करू का" विचारायचं नाही, कारण मदत दुसऱ्याच्या कामात करतात आणि हे काम दोघांचं आहे. माझी स्वतःची कसोटी एकच आहे, यजमान घरातले जेवढे आहेत ते सगळे अर्ध्यापेक्षा जास्त वेळ पाहुण्यांमध्ये बसलेले असले पाहिजेत. ते ज्या बेतात जमत नसेल तो बेत कमी करायचा.

फोनचं थोडक्यात सांगतो. २०१८ मध्ये ३०० पेक्षा जास्त लोकांना मित्रांबरोबर, घरच्यांबरोबर कॅफेत जेवायला बसवून एक प्रयोग झाला, ज्यांचे फोन टेबलावर होते त्यांना त्या भेटीत थोडी कमी मजा आली आणि लक्ष जास्त विचलित झालं. फार मोठा फरक नव्हता, पण होता. मी कुणाचे फोन काढून घ्या म्हणणार नाही, कुणाचं बाळ घरी असतं, कुणाचे वडील आजारी असतात. पण यजमानाने स्वतःचा फोन आतल्या खोलीत ठेवला की बाकीचे आपोआप कमी काढतात एवढं नक्की. फोटो एकदाच काढायचे, सगळे आलेले असताना, दोन मिनिटांत, आणि संपलं. कार्यक्रम फोटोसाठी होऊ लागला की पाहुणे सजावटीचा भाग होतात, "जरा इकडे सरका, परत एकदा कापा, परत एकदा हसा", आणि माणूस आपल्याकडे आलेला असताना त्याला असं वापरणं मला बरोबर वाटत नाही.

शेवट कसा होतो याला आपण अजिबात महत्त्व देत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला, आणि दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर अजून ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केलं. परत कुठलं करायला आवडेल विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण त्याचा शेवट बरा होता. माणूस अनुभवाची लांबी लक्षात ठेवत नाही, त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट लक्षात ठेवतो. आता आपले कार्यक्रम कसे संपतात आठवा. एकेक जण घड्याळ बघायला लागतो, कुणी आधी उठायचं हे ठरत नाही, यजमान जांभई दाबत "बसा हो, काय घाई आहे" म्हणतो, आणि मग कंटाळलेल्या चेहऱ्यांनी सगळे निघतात. २०२१ मध्ये ॲडम मास्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी गप्पांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की दोघांनाही हव्या त्याच वेळी गप्पा संपल्या असं जवळजवळ कधीच होत नाही, कारण प्रत्येक जण समोरच्याला काय हवंय याचा अंदाज बांधत बसतो. याच्यावर उपाय एकदम सोपा आहे, बोलावतानाच शेवटची वेळ सांगून टाका. "शनिवारी ६ ते ९, आपण सात जण आहोत, जेवण साधं आहे, तू येताना फळं आण." यात पाहुण्याला सगळं कळतं, काय घालायचं, किती वेळ काढायचा, मुलांना कुठे ठेवायचं. आणि ९ वाजता यजमानाने स्वतः उठून, प्रत्येकाला दारापर्यंत जाऊन, त्या दिवशी तो जे बोलला त्यातली एक गोष्ट आठवून निरोप द्यायचा. ज्यांना थांबायचंय ते थांबतील, पण ज्याला जायचंय त्याला चोरासारखं निघावं लागणार नाही.

याला विरोध काय होतो ते मला माहीत आहे. पहिला म्हणजे, कमी लोकांना बोलावलं तर राहिलेले दुखावतात. दुखावतात, खरं आहे. पण ते दुखावतात कारण बोलावणं वर्षातून एकदाच होतं आणि त्यात नसणं म्हणजे यादीतून कायमचं बाहेर असणं. दर महिन्याला वेगवेगळी सहा माणसं येत असतील तर या वेळी नाही पुढच्या वेळी, हे लोकांना समजतं. दुसरा विरोध, साधं केलं तर लोक काय म्हणतील. सुरुवातीला एखादा म्हणेलही. पण तोच माणूस घरी जाऊन विचार करतो की अरे, एवढ्यात होत असेल तर मीही बोलवू शकतो. थाटात केलेला प्रत्येक कार्यक्रम पुढच्या माणसासाठी बोलावणं अवघड करतो, आणि साधेपणाने केलेला प्रत्येक कार्यक्रम सोपं करतो. ज्यांच्याकडे पैसा आहे, मोठं घर आहे, त्यांच्यावर तर ही जबाबदारी जास्त आहे असं मी म्हणेन. ज्याला थाट परवडतो त्याने साधं केलं तर ज्याला परवडत नाही त्याचा संकोच जातो, उलट बाजूने हे होऊच शकत नाही.

मोठे कार्यक्रम करूच नयेत असं मात्र मी म्हणत नाही. लग्न आहे, कुणाची निवृत्ती आहे, कुणी गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी जमायचंय, तिथे सगळे हवेतच. तिथेही आठ-आठ जणांचे गट करून बसवा, प्रत्येक गटात घरचं एक माणूस जबाबदारीने बसवा ज्याचं काम फक्त ओळखी करून देणं आहे, आणि स्टेजवरून बोलणाऱ्यांना वेळ बांधून द्या.

पण एक विरोध असा आहे ज्याला माझ्या वरच्या कुठल्याच मुद्द्याने उत्तर मिळत नाही, तो म्हणजे जागा. एका खोलीत चार-पाच जण राहतात तिथे सहा पाहुणे कुठे बसवणार. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरमालक पाहुणे येऊ देत नाही. व्हीलचेअरवर असलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसताना कसा येणार. या सगळ्यांना "साधं करा आणि बोलवा" हे सांगणं पुरेसं नाही. इथे हा प्रश्न खरोखर सार्वजनिक होतो. शाळांचे वर्ग संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बंद असतात, लायब्ररीतल्या खोल्या बंद असतात, सरकारी इमारतींमधले हॉल बंद असतात, आणि जे हॉल मिळतात ते २००-३०० माणसांचे, त्यांचं भाडं आणि डिपॉझिट तसंच. १५ माणसांसाठी खोलीच कुठे मिळत नाही. नवीन इमारती बांधताना जिम होते, पार्किंग होतं, पण शेजारपाजारच्यांना दहा जणांना घेऊन बसता येईल अशी एक खोली क्वचितच होते. तळमजल्यावर, रॅम्प असलेली, वीसेक हलक्या खुर्च्या आणि छोटी टेबलं, आवाज घुमू नये म्हणून जाड पडदे, एक ओटा आणि पाण्याचा नळ, जवळ स्वच्छ टॉयलेट, आणि तासाच्या हिशेबाने नाममात्र पैशात, एका फोनवर बुक होणारी. प्रत्येक वस्तीत अशी एक खोली असावी ही मागणी आपण रस्ता आणि पाण्याच्या मागणीइतक्याच गांभीर्याने करायला हवी, आणि निवडणुकीत मतं मागायला जो दारात येईल त्याला पहिल्यांदा याबद्दल विचारायला हवं.